डाव्या नाकपुडीत नवी चमकी आणि डाव्या कुशीवर झोपण्याची सक्ती : मदत हवी आहे

नमस्कार,

मी ठाण्यात नौपाड्याला राहते. वय ४६. माझे नाक लहानपणी गावच्या सोनाराने टोचले होते, परंतु नोकरी लागल्यावर चमकी घालणे सुटले आणि भोक बुजून गेले. येत्या मार्गशीर्षात भाच्याचे लग्न आहे. आईने माझ्यासाठी ठेवलेली नथ त्या दिवशी घालावी, या हौसेपोटी तीन आठवड्यांपूर्वी मी डावी नाकपुडी पुन्हा टोचून घेतली. दुकानात सुईऐवजी बंदुकीने टोचले. ते काम क्षणात आटोपले आणि दिवसा फारसा त्रासही होत नाही. माझी अडचण रात्रीची आहे.

मला गेली चार वर्षे आम्लपित्ताचा जुना त्रास आहे, आणि डॉक्टरांनी डाव्या कुशीवर झोपण्यास बजावून सांगितले आहे. उजव्या कुशीवर वळले की तासाभरात छातीत जळजळ सुरू होते आणि उताणे झोपले की आंबट पाणी घशाशी येते. म्हणजे जी कूस पोटाला मानवते, तीच नाकाला सोसत नाही. परवा पहाटे झोपेत मान वळवताना चमकीच्या खड्याभोवतीच्या काट्यांत अभ्र्याचा एक सुटा दोरा अडकला. मला जाग आली तेव्हा नाक उशीला जणू टाचून ठेवले होते. दिवा लावून, आरशासमोर उशी हातात धरून, नखकात्रीने तो दोरा कापावा लागला. अभ्र्यावर तांदळाच्या दाण्याएवढा रक्ताचा डाग पडला होता. त्यानंतर सकाळचे दूध येईपर्यंत मी बसूनच होते.

कागदी चिकटपट्टी लावून पाहिली, परंतु आपल्याकडच्या दमट हवेत ती घामाने सुटते आणि सुटताना खपली घेऊन येते. रात्रीपुरती चमकी काढून ठेवावी, तर नवे भोक काही तासांतच आवळू लागते असे ऐकले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की झोपण्यापूर्वी कोमट खोबरेल तेलात हळद घालून लावावी आणि चमकी दोन वेळा फिरवावी, म्हणजे ती आत चिकटत नाही. त्यांच्या चारही मुलींची नाके अशीच बरी झाली असल्याने त्यांना नाही म्हणणे मला जड जाते. तरीही फिरवल्यावर दुसऱ्या दिवशी ठणका वाढतो, हा माझा अनुभव आहे.

डाव्या कुशीवरच झोपायचे असेल तर नाकावर दाब येऊ नये म्हणून नेमके काय करावे? आणि लग्नापर्यंत हे भोक नथ पेलण्याजोगे होईल का?

प्रतिसाद, नेरूळहून

ताई, माझ्या मुलीच्या वेळी आम्ही या सगळ्यातून गेलो आहोत. प्रवासात मानेभोवती घालतात ती घोड्याच्या नालेच्या आकाराची उशी घ्या; शक्यतो हवा भरायची घ्या, म्हणजे उंची कमी-जास्त करता येते. ती गळ्यात न घालता गादीवर आडवी ठेवावी आणि तिचे उघडे तोंड आपल्या चेहऱ्याच्या बाजूला यावे. डाव्या कुशीवर झोपल्यावर कान आणि गालाचे हाड उशीच्या कडेवर टेकते, तर नाक मधल्या मोकळ्या जागेत राहते. पहिली रात्र अवघडल्यासारखी जाते, पुढे सवय होते. पोटाशी एक लोड लावून घेतल्यास झोपेत पालथे वळणेही टळते. मुलीचा खरा घोटाळा तेथेच होत असे.

अभ्रा मऊ, घट्ट विणीचा आणि शिवण बाहेर नसलेला असावा. पावसाळ्यात अभ्रे वाळत नाहीत, ही अडचण आम्हालाही होती. त्यावर उपाय म्हणून एक धुतलेला सुती टी-शर्ट उशीला चढवायचा, दुसऱ्या रात्री तो उलटा करायचा आणि तिसऱ्या दिवशी धुवायला टाकायचा. मच्छरदाणीही जरा जपूनच, कारण रात्री उठताना तिच्या जाळीत चमकी अडकते.

प्रतिसाद, कळव्याहून

मी परिचारिका आहे. उशीची युक्ती चांगली आहे, परंतु आपण दिलेल्या वर्णनावरून निम्मा दोष चमकीचा वाटतो. बंदुकीच्या चमकीची दांडी सहसा आखूड असते आणि सूज आल्यावर तिला जागाच उरत नाही. शिवाय तिचे टोक बोथट असल्याने भोक स्वच्छ पडत नाही, पेशी चिरडल्या जातात. आतल्या बाजूला सपाट चकती, बाहेर काटे नसलेला गुळगुळीत खडा आणि सुजेला पुरेल इतकी दांडी, अशी चमकी जाणकार टोचणाऱ्याकडून बदलून घ्यावी. टायटेनियम किंवा निकेलविरहित १४ कॅरेटचे सोने चालेल. घरी बदलण्याचा प्रयत्न मात्र मुळीच करू नये.

फिरवण्याबाबत आपला अनुभव योग्य आहे. फिरवताना खपलीचे कण आत ओढले जातात आणि भोकात धरू लागलेली नाजूक त्वचा पुन्हा फाटते. हळद-तेलाने तेथे चिकट थर साचतो. ०.९ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्याच्या छोट्या सीलबंद कुप्या औषधांच्या दुकानात मिळतात. दिवसातून दोन वेळा त्या पाण्याने खपली भिजवावी आणि स्वच्छ गॉजने टिपून घ्यावी. कापसाचे तंतू अडकतात, म्हणून कापूस नको.

आम्लपित्तासाठी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलावी. नुसत्या उशा वाढवल्याने मान आणि पोट मुडपते, आणि जळजळ उलट वाढते. असा उतार केल्यावर उताणे झोपणेही कदाचित सोसेल, आणि डोके उंच राहिल्याने नाकाची सूजही कमी राहील.

लालसरपणा पसरू लागला, नाक गरम लागले, पिवळा-हिरवा पू आला, ताप आला किंवा खडा त्वचेत रुतू लागला, तर थांबू नका, नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवा. कूर्चेतील, म्हणजे नाकाच्या मऊ हाडातील, संसर्ग वेगाने नाकाचा आकार बिघडवू शकतो. अशा वेळी चमकी आपल्या मनाने काढू नये, कारण भोक मिटून पू आत कोंडला जातो. नथीचे म्हणाल, तर नाकपुडी पूर्ण बरी होण्यास चार ते सहा महिने, काहींना त्याहूनही अधिक काळ लागतो. मार्गशीर्षात लोंबती, जड नथ या भोकात घालू नये, असेच मी सांगेन.

धागाकर्तीचे उत्तर

दोघींचे मनापासून आभार. गोखले रोडवर हवेची उशी मिळाली आणि पलंगाखाली विटाही आल्या. विटा चढवताना यजमानांनी घरात गृहकृत्य सोडून बांधकाम कधी सुरू झाले, असे विचारले. पहिल्या रात्री मी गादीवरून पायाकडे घसरत राहिले. त्यावर गादीखाली रबरी जाळीची चटई घातली. काल चौथी रात्र होती. उशीच्या पोकळीत नाक ठेवून डाव्या कुशीवर सलग साडेपाच तास झोप लागली आणि टी-शर्टावर डाग नव्हता. चमकी शनिवारी बदलून घेणार आहे.

सासूबाईंना मिठाचे पाणी पटले, कारण मीठ त्यांच्याही ओळखीचे. फिरवू नये हे मात्र अजून पटलेले नाही, त्यामुळे तेलाची वाटी रोज रात्री उशाशी येते आणि मी ते तेल टाचांना लावते. नथ लग्नात भावजयीला घालायला द्यावी असे ठरवले आहे. तिचे नाक तिसरीत असताना टोचलेले आहे.