बोर्डावर 'भाजणी'चं 'माजणी' झालंय, जाड गोल फॉन्ट सुचवा

घोडबंदरवाली:
नमस्कार मंडळी, जाऊबाई आणि मी मिळून मानपाड्याला छोटा गाळा घेतलाय, थालिपीठाची भाजणी, चकलीची भाजणी, मेतकूट असा माल, नाव 'भाजणीघर'. बोर्ड ८ बाय अडीच फुटांचा. मला जाड, गुबगुबीत, टोकं गोल असलेली अक्षरं हवी होती, तर फ्लेक्सवाल्याने साधा बारीक फॉन्ट घेतला आणि वरून आउटलाइन मारून फुगवला. स्क्रीनवर छान वाटलं म्हणून मी पण हो म्हटलं. बोर्ड लागला आणि सासूबाई रस्त्यापलीकडून बघून म्हणतात, "माजणीघर? हे कसलं नाव गं?" आता फ्लेक्स काढून लाइटवाली अक्षरं करायचीत, पण चांगला फॉन्ट कुठला आणि परत असं होऊ नये म्हणून काय बघू?

कोरलवाला_वाशी:
ताई हसू आलं, सॉरी 😀 पण हे रोजचं आहे. भ आणि म मधे फरक काय, तर भ ची शिरोरेघ डावीकडे तुटलेली असते, तेवढीच फट. आउटलाइन मारली की रेघ बाहेर वाढते तशी आतही वाढते आणि ती फट बुजते. घ-ध चं पण तेच, ध ची फट बुजली की तो घ दिसतो. मुळातच जाड काढलेल्या फॉन्टमधे डिझायनर फट मुद्दाम मोठी ठेवतो, गाठी उघडतो, आतल्या रेघा थोड्या बारीक करतो. ते काम आउटलाइन करत नाही, आउटलाइन म्हणजे नुसती सूज.

अक्षरवेडा_नौपाडा:
'बलू २' बघा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, गुगल फॉन्ट्सवर फुकट, ओपन फॉन्ट लायसन्स आहे त्यामुळे दुकानाला वापरलात तरी पैसे नाहीत. रेग्युलर ते एक्स्ट्राबोल्ड असे ५ वजनांत, म्हणजे जाडीच्या ५ पायऱ्यांत मिळतो आणि इंग्रजी अक्षरं पण त्याच अंगाची आहेत. गंमत म्हणजे बाकी लिप्यांसाठी जे भाऊ केलेत त्यांची नावं, गुजरातीला बलू भाई, गुरुमुखीला बलू पाजी, तमिळला बलू थंबी, मल्याळमला बलू चेट्टन, म्हणजे अख्खं भाऊबंद 😄

इंग्रजीत गोल टोकं सोपी, अक्षरं सुटी असतात. १९७९ मधे फोक्सवॅगनसाठी व्हीएजी राउंडेड हा फॉन्ट केला तो पुढे अ‍ॅपलच्या कीबोर्डवर बरीच वर्षं होता, इतका तो कुठेही बसतो. आपल्याकडे शिरोरेघ आडवी येते. प्रत्येक अक्षराची रेघ दोन्हीकडून गोल केली तर जोडावर खाच पडते, दातात फट असल्यासारखी, म्हणून आतले जोड सरळच लागतात. आणि हो, अक्षरांमधलं अंतर वाढवायला सांगू नका कुणाला, शिरोरेघेचे तुकडे होतात. ठाण्यात निम्म्या बोर्डांवर हेच दिसतं आणि माझं डोकं फिरतं.

घोडबंदरवाली:
दादा थँक्यू, डाउनलोड केला. पण आमचा माणूस म्हणतो असा युनिकोड फॉन्ट टाकला की त्याच्या कोरलमधे, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधे, जोडाक्षरं फुटतात??

कोरलवाला_वाशी:
जुनं व्हर्जन असणार त्याचं. तुम्हीच वर्डमधे टाइप करा, पीडीएफ करा, तो कोरलमधे उघडून कर्व्ह करेल, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार. कर्व्ह झाल्यावर सगळं वेल्ड करायला, म्हणजे जोडून एकच आकार करायला सांगायचं, विसरू नका, नाहीतर शिरोरेघ जिथे एकावर एक चढते तिथे कटिंगला रेघ येते. लाइटवाल्या अक्षरांना गोल जाड फॉन्ट बरा पडतो, अक्षरं कापणाऱ्या राउटर मशीनचं बिट (पातं) स्वतःच गोल असतं त्यामुळे आतला टोकदार कोपरा त्याला नाहीतरी निघत नाही, आणि रेघ जाड असली की आत एलईडी मॉड्यूल नीट बसतात. फक्त रात्री उजेड पसरून फटी परत बुजल्यासारख्या दिसतात, म्हणून एक्स्ट्राबोल्ड नको, बोल्ड किंवा सेमीबोल्ड.

कळवेकर_काका:
मला विचाराल तर असली गोल अक्षरं बालवाडीची वाटतात, भाजणी म्हणजे खमंग वस्तू, पण असो, आवड तुमची. खाली 'उपवासाची भाजणी मिळेल, फोन नंबर' वगैरे मात्र त्याच फॉन्टमधे नको, बारीक आकारात नुसते ठिपके दिसतात, तिथे 'मुक्त' नावाचा साधा फॉन्ट वापरा. इंग्रजी नाव टाकणार असाल तर मराठी अक्षर त्याहून लहान चालत नाही, दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीपासून लहान दुकानांनाही तो नियम आहे.

अक्षरवेडा_नौपाडा:
काका, खमंगपणा रंगात आणू, मळकट पिवळा नको म्हणजे झालं. ताई, साइनवाल्यांचा ठोकताळा असा की १ इंचाचं अक्षर १० फुटांवरून आरामात वाचता येतं, आपल्याला वर-खाली मात्रा म्हणून थोडं जास्तच धरा. समोरचा फुटपाथ ४० फुटांवर असेल तर ४ इंच नाही, ६ धरा. ऑर्डर द्यायच्या आधी नाव खऱ्या मापात ए-फोर कागदांवर छापून शटरवर चिकटवा.

घोडबंदरवाली:
काल संध्याकाळी चिकटवलं, बोल्डमधे. सासूबाईंना काहीच न सांगता पलीकडे रिक्षा स्टँडपाशी उभं केलं. भाजणीघर वाचलं त्यांनी, मग म्हणाल्या, "पण तो ण केवढा ढब्बू झालाय."