अमेरिकेला निघालेल्या आजीचं इंग्रजी

दादर-पार्ल्यातले आजी-आजोबा ग्रीन कार्डावर लेकीकडे कायमचे निघाले की घरात पहिली काळजी इंग्रजीची. ज्यांनी हे शिकवलंय त्यांनी कृपया नेमकं लिहा.

पार्ले: आधी व्हिसाची धास्ती काढा. बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत मराठीत देता येते. फॉर्म तेवढा इंग्रजीत.

गिरगाव: बहुतेक वेळा शब्द बरोबर असतो, अडतं ते ‘प’पाशी. आपला ‘प’ कोरडा, अमेरिकन कानाला तो ‘ब’ वाटतो. ‘पिल’ मागितली की ‘बिल’ ऐकू जातं. जुनी माणसं ओठ मिटून ‘फणस’ म्हणतात ना, तोच ‘फ’ ‘पिल’ला लावायचा. ‘टी’ला ‘ठ’, ‘की’ला ‘ख’. तळहात तोंडासमोर धरा, वाफ लागली पाहिजे. ‘स्पून’, ‘स्टॉप’मध्ये मात्र ‘स’नंतरचं अक्षर आपलंच ठेवायचं, तिथे वाफ सोडली की उलट बिघडतं. आठवडाभर एवढंच करून घ्या, व्याकरण राहू द्या. नकार देताना ‘कॅनॉट’ म्हणावं. ‘कान्ट’मधला ‘ट’ तिथे गिळला जातो. पंधरा सांगायचे तर ‘वन-फाइव्ह’, नाहीतर पन्नास समजतात.

मुलुंड: औषधाचं नाव पाठ करून घ्या. आपलं पॅरासिटामॉल तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन. सर्दीच्या कित्येक औषधांतही ते असतं. नाव ओळखलं नाही तर डोस दुप्पट होऊन लिव्हरवर येतं. आणि डॉक्टरकडे नातवाला दुभाष्या करू नका. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाला मोफत दुभाषी द्यावा लागतो. ‘मराठी इंटरप्रीटर, प्लीज’ हे वाक्य आजीला झोपेतही आलं पाहिजे.

बोरिवली: नागरिकत्वाबद्दल मोठा गैरसमज आहे. नुसतं वय झालं म्हणून इंग्रजीची परीक्षा माफ होत नाही. वय ५० आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं, किंवा ५५ आणि १५ वर्षं, असं दोन्ही लागतं. म्हणजे ६५व्या वर्षी गेलेल्या आजोबांना सूट ८०व्या वर्षी! त्याआधी अर्ज करायचा तर तीनपैकी एक वाक्य वाचणं आणि तीनपैकी एक लिहिणं आलंच. आजारामुळे शिकणं शक्य नसेल तर डॉक्टरी दाखल्याने माफी मागता येते. शब्दयादी सरकारच देते. ती मुंबईतच मोठ्या अक्षरांत छापून घ्या. पण उतरवून काढायला लावू नका. तिथे अधिकारी वाक्य बोलतो आणि ते ऐकून लिहायचं असतं, तेव्हा रोज एक वाक्य तुम्ही म्हणा, आजोबा लिहितील.