कातळाखालचं बघायचं तर आधी वेग कळायला हवा

"कोल्हापूरखाली सिस्मिक करून तेल का शोधत नाहीत?" या प्रश्नावर थोडी भर घालतो.

सिस्मिक म्हणजे जमिनीत कंपनलहरी सोडून खालच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी टिपणं. त्यात हाती येते ती वेळ. खोली काढावी लागते. लहर जाऊन परत यायला १ सेकंद लागला, तर सेकंदाला ५ किमी वेगाच्या बेसाल्टमध्ये ती खोली २,५०० मीटर भरते. ३ किमी वेगाच्या गाळाच्या खडकात तीच १,५०० मीटर! वेगाचं मॉडेल चुकलं की विहीरही चुकते.

आणि आपला कातळ, म्हणजे हाच बेसाल्ट, एकजिनसी नाही. घाटरस्त्याच्या कापात बघा: घट्ट काळा दगड, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, मधेच लाल मातीचा पट्टा. प्रत्येक थराशी लहर परावर्तित होते, विखुरते. खाली फारच थोडी ऊर्जा पोचते. म्हणून कमी वारंवारतेच्या लहरी आणि लांब अंतरावरचे जिओफोन (जमिनीची कंपनं टिपणारी उपकरणं) लागतात.

तरी मूळ अडचण वेगळीच. कोयना भागात रासाटीला खोदलं तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट-नाइस हा पायाचा कठीण खडक लागला, मधे तेल ज्यात तयार होतं ते गाळाचे खडक नाहीत. गुजरातेत अंकलेश्वरला तेल आहे ते ट्रॅपच्या, म्हणजे याच बेसाल्टच्या, वर साचलेल्या जाड गाळात. आपल्या कातळाच्या माथ्यावर तो गाळच नाही.