मदत हवी आहे: एकच १६ किलोची केटलबेल (वर कडी असलेलं लोखंडी वजन), आता पुढे कसं वाढवायचं?
जड केटलबेल घ्यायची नाहीये, जागा पण नाही आणि बजेट पण. दोन हातांनी स्विंग (पायांमधून छातीपर्यंत झुलवणं) सलग ५० होतात, गॉब्लेट स्क्वॉट (केटलबेल छातीशी धरून बैठका) २० आरामात, गाडी अडकलीये प्रेसवर (एका हाताने खांद्यावरून डोक्यावर ढकलणं), उजवा हात ९ काढतो आणि डावा ६ च्या पुढे जातच नाही. दोन सेटमधली रेस्ट ९० सेकंदांवरून ४५ वर आणली, स्क्वॉटला ४ मोजत हळू खाली जाऊन बघितलं, एका हाताचे स्विंगही चालू केलेत. स्नॅचला (एका झटक्यात खालून थेट डोक्यावर नेणं) केटलबेल मनगटावर आपटते, माझं टेक्निकच चुकत असणार, ते नंतर बघू. आठवड्यात ३ दिवस, अर्धा तास, दुखापत काही नाही. पायांसाठी आता एका पायावरचे व्यायाम धरू का, आणि प्रेसला १-२-३ अशी लॅडर (आधी १ वेळा, मग २, मग ३) करू की रोज थोडे थोडे सेट, डाव्या हातासाठी तुम्हाला कशाचा फरक पडला?