'मुलामा', 'कल्हई', 'लेप', 'अस्तर' : जुन्या जलवाहिनीला नेमके काय देतात?

प्रश्न (परभणी जिल्हा) : आमच्या तालुक्याच्या गावी जुन्या पोलादी जलवाहिनीचे काम चालू असून तेथील फलकावर 'जलवाहिनीचे आयुष्य वाढविण्यासाठी आतून व बाहेरून संरक्षक मुलामा देण्याचे काम' असा मजकूर आहे. 'मुलामा' हा शब्द मला खटकला, परंतु का खटकला हे नेमके सांगता येईना. एक सहकारी 'वज्रलेप' सुचवतात, तांत्रिक पुस्तकांत 'विलेपन' भेटतो आणि कामावरची माणसे सरळ 'कोटिंग' म्हणतात. यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

उत्तर : आपल्याला तो शब्द खटकला हे योग्यच झाले. 'मुलामा' मुळात अरबी, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला, आणि त्याच्या मुळाशी चकाकीचा अर्थ आहे. पितळेवर सोन्याचा मुलामा चढवतात तो पितळ टिकावे म्हणून नव्हे, तर ते सोने दिसावे म्हणून; त्यामुळेच 'वरवरचा मुलामा' म्हटले की मराठी माणसाला आत काहीतरी लपवलेले आहे असा वास येतो. जमिनीत पुरल्या जाणाऱ्या नळाला दिसण्याशी काही देणेघेणे नसल्याने हा शब्द तेथे बरोबर उलटा अर्थ सांगतो.

'कल्हई' या कामाला अधिक जवळची आहे. लहानपणी आमच्या वाड्यासमोर कल्हईवाला भाता मांडून बसे. त्याचा पोरगा पातेल्यात वाळू टाकून, त्यात उभा राहून, भिंतीला धरून कमरेत हेलकावे देत पायांनी भांडे घासत असे. भांडे तापले की नवसागराची पूड पडे, पांढऱ्या धुराचा लोट उठे, आणि कथलाचा एक तुकडा कापसाच्या बोळ्याने फिरवताच सगळे पातेले आतून उजळत असे. पुढे पाणीपुरवठ्याच्या कामावर नोकरी लागली तेव्हा जुन्या नळावर दाबाच्या हवेने वाळू मारून गंज काढताना पाहिला आणि तो पोरगाच आठवला. लेप कोणताही असो, खालचा धातू स्वच्छ नसेल तर तो धरत नाही. लोखंडाला जस्त चढवण्याची रीतही याच घराण्यातली : सुमारे 450 अंश सेल्सिअसला वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवतात आणि त्याआधी ज्या द्रावणातून काढतात त्यात नवसागराचाच अंश असतो.

तरीही 'जस्ताची कल्हई' म्हणावे असे मला वाटत नाही. कल्हई खाणाऱ्याच्या जिवासाठी असते. ती उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, भांड्याचे फारसे काही बिघडत नाही. जस्त मात्र लोखंडासाठी खर्ची पडते. ओरखडा पडून लोखंड उघडे झाले तरी भोवतालचे जस्त आधी झिजते आणि तेवढा काळ लोखंड वाचते. (आपल्या मराठवाड्यात जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्यांना 'टिनपत्रे' म्हणतात; टिन म्हणजे कथील, आणि ते त्यांच्यावर औषधालाही नसते, पण हा शब्द आता कोण बदलणार!)

आता आपल्या फलकाकडे वळू. नळाला आतून आणि बाहेरून जे देतात ते एक नसते, म्हणून एकाच शब्दाचा आग्रहही नको. आतून सिमेंटचा गिलावा देतात तेव्हा 'अस्तर' हाच शब्द घ्यावा. अंगरख्याला आतून असते ते अस्तर. सिमेंटमधील चुन्याच्या अल्कधर्मामुळे पोलादाच्या पृष्ठावर एक पातळ, घट्ट पापुद्रा टिकून राहतो व गंज धरत नाही, म्हणजे हे अस्तर पाण्याला नुसते अडवत नाही, तर लोखंडाचा स्वभावच शांत ठेवते. बाहेरून डांबराचा किंवा इपॉक्सीचा द्यावयाचा तो 'लेप'. आपल्या काळ्या जमिनीत त्याची खरी परीक्षा होते, कारण ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते आणि दोन्ही वेळा नळाच्या अंगावरचे आवरण ओढून पाहते. खोदकामात मी नखाने खरवडताच जुन्या डांबराचा तळहाताएवढा पोपडा हातात आला होता आणि त्याच्या आतल्या बाजूला लालभडक गंज चिकटलेला होता.

शब्दाची परीक्षा त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदावर करावी, अशी माझी सवय आहे. मुलामा चढतो आणि उतरतो, कल्हई करतात आणि ती उडते, गिलाव्याचे पोपडे पडतात, रंगाचे 'हात' मोजतात, शेंदराची पुटे चढतात आणि लेप देतात, तो सुटतो. 'विलेपन' मात्र नुसते 'केले जाते'; ते निविदेत शोभेल, फलकावर नको.

प्रश्नकर्त्याकडून पुन्हा : सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. परंतु 'वज्रलेप' आपण बाजूलाच ठेवलात. शब्द जुना, आपला आणि भारदस्त असताना तो का नको?

उत्तर : शब्द खरोखर जुना आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय असून त्यात कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्ची कवठे इत्यादी उकळून आटवण्याची कृती दिलेली आहे. देवळे आणि मूर्ती यांच्यासाठी ते मिश्रण वापरावयाचे होते. आजही देवळात मूर्तीची झीज थांबवण्यासाठी जे करतात त्याला आपण वज्रलेपच म्हणतो. अडचण त्याच्या दुसऱ्या अर्थाची आहे. 'पुण्यक्षेत्रे कृतं पापं वज्रलेपो भविष्यति' या वचनात वज्रलेप म्हणजे जे कधीच निघणार नाही ते. जलवाहिनीच्या लेपाची जात तशी नाही. तो तपासावा लागतो, सुटला तेथे खरवडून पुन्हा द्यावा लागतो. फलकावर 'वज्रलेप' लिहिले, की पुढे कोणी तपासायला जाणार नाही, ही माझी खरी भीती आहे.

भारदस्तपणाच हवा असेल तर शेंदराकडे पाहावे. गावच्या मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, आणि लोखंडी पुलांना गंज लागू नये म्हणून रंगाखालचा पहिला हात वर्षानुवर्षे त्याचाच देत असत. शिसे विषारी असल्याने पाण्याच्या नळाजवळ तो अर्थातच नको.

फलकासाठी माझी सूचना अशी : 'जुन्या जलवाहिनीस आतून सिमेंटचे अस्तर व बाहेरून गंजरोधक लेप देण्याचे काम'. त्याखाली लेप कोणत्या वर्षी दिला तेही लिहून घ्यावे.