बी विंगमधली धडधड (सोसायटी ग्रुप, शनिवार रात्र)

कुलकर्णी काकू, बी-३०२ (११:४२)
वरून अर्धा तास छातीत धडधडल्यासारखा आवाज येतोय. ह्यांचा डोळा लागत नाहीये. कोणी मशीन लावलंय का?

समीर, बी-४०२ (११:४५)
सॉरी काकू 🙏 मशीन नाही. आर्यन माइनक्राफ्ट खेळत होता, वूफर चालू राहिला. बंद केला.

कुलकर्णी काकू
गेममध्ये कोणाचं काळीज धडधडतंय एवढं?

मृण्मयी, ए-१०४
वॉर्डनचं, काकू 😄 २०२२ च्या अपडेटमध्ये आलेला राक्षस. खोल अंधाऱ्या गुहेत असतो. आंधळा आहे, पण जमिनीची कंपनं ओळखतो आणि वासही घेतो. तिथे आवाज केला की जमिनीवरचा एक ठोकळा किंचाळतो. तीनदा इशारा, चौथ्यांदा तो जमीन फोडून वर येतो. जितका चिडेल तितकी धडधड वाढते. त्याच्याशी लढायचंच नसतं, गुपचूप सटकायचं. दबकत चाललं किंवा लोकरीवरून चाललं तर त्याला पावलांचा पत्ता लागत नाही.

जोशी काका, ए-७०२
एवढी भीती वाटते तर खेळायचं कशाला म्हणतो मी! अभ्यास करा.

समीर
काका, खेळताना त्याला मजाच येते. त्रास नंतर. चार दिवस झाले, रात्री बाथरूमला चवड्यांवर जातो आणि फ्लश करत नाही. "आवाज झाला तर?" म्हणतो. सकाळी बायको माझ्यावर ओरडते.

मृण्मयी
😂😂 दादा, सध्या पीसफुल मोडवर टाक. त्यात वॉर्डन येतच नाही. आणि हसू नकोस त्याला. मी सत्तावीस वर्षांची घोडी, स्कायरिम गेममध्ये ड्रॅगन मारलेत, पण सुरुवातीलाच ब्लीक फॉल्स बॅरो नावाच्या जुन्या थडग्यात छतावरून खाटेएवढा कोळी उतरतो ना, तिथे खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. शेवटी भावाला खेळायला लावलं. नंतर कळलं की कोळ्यांच्या जागी अस्वलं आणणारा मॉड, म्हणजे गेममध्ये घालायचा बदल, लोकांनी बनवलाय. आता अस्वल अंगावर येतं, मी खुशाल.

कुलकर्णी काकू
अस्वलाची नाही वाटत भीती??

मृण्मयी
आमच्या बाथरूममध्ये अस्वल कधी निघालं नाही काकू.

नितीन, ए-६०१
हे मात्र पटलं. आतेभावाने अमेरिकेहून निन्टेन्डो ६४ हा व्हिडिओ गेमचा डबा आणला होता, त्यावर १९९८ चा झेल्डा गेम, ऑकरिना ऑफ टाइम. त्यात नायक लिंक सात वर्षं पुढे जातो आणि गजबजलेल्या बाजारात नुसती प्रेतं उभी असतात. जवळ गेलं की किंचाळतात, आपण जागच्या जागी थिजतो, मग ती पाठीवर चढतात. सगळे त्यालाच घाबरायचे. मला तेवढं काही वाटलं नाही. माझी गाडी अडली विहिरीत. गावातल्या विहिरीचं पाणी आटवून आत उतरायचं. आत खोट्या भिंती, न दिसणारे खड्डे, आणि एका खोलीत जमिनीतून वर आलेले पांढरे हात. ते डोकं धरून ठेवतात आणि त्यांचा धनी सावकाश वाकत येतो.
आमचं आजोळ राजापूरजवळ. मागच्या दारची विहीर, कठडा गुडघ्याएवढा. डोकावलास तर आतली बाई ओढून नेते, असं आजीने बजावलेलं. मुलं पडू नयेत म्हणून सांगायची, ते आता कळतं. पण जपानमध्ये बसून गेम बनवणाऱ्याला माझ्या आजीचं बोलणं कसं कळलं, हे कोडं सुटलेलं नाही. ती विहीर आतेभावाने पार केली, मी स्वयंपाकघरात लाडू खात बसलो.

देशपांडे (सेक्रेटरी)
ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. रात्री १० नंतर हेडफोन वापरावा ही विनंती.

मृण्मयी
काका, हेडफोनवर तर अजून टरकते. मागून येतोय की डावीकडून, तेसुद्धा कळतं.

जोशी काका
मी बोलणार नव्हतो. दिवाळीत नातवाने मला त्यांच्या त्या नव्या झेल्डात कड्यावर चढायला लावलं. अंगातलं बळ दाखवणारं एक हिरवं वर्तुळ असतं. चढता चढता ते संपत आलं, लाल झालं, वर अजून दोन हात कडा बाकी. तळहाताला घाम सुटला हो माझ्या! पडलो. नातू खो खो हसतोय. मी झेंडावंदनाला गच्चीवर का येत नाही, ते समजून घ्या.

देशपांडे (सेक्रेटरी)
गेली तीन वर्षं गुडघेदुखी सांगताय काका.

जोशी काका
*हा मेसेज डिलीट केला गेला आहे*

कुलकर्णी काकू (१२:२०)
समीर, लोकरीवरून चाललं की कळत नाही म्हणाली ना मृण्मयी? आमच्याकडे जुनं लोकरीचं जाजम आहे, लांबलचक. त्याच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत अंथरा. फ्लशचं तुमचं तुम्ही बघा.

समीर
काकू 🙏😂 सकाळी न्यायला येतो.