पहिला टॅम्पॉन कमी फ्लोला नको
इथे एकीने लिहिलंय की टॅम्पॉन (पाळीत रक्त शोषायला योनीच्या आत घालायची छोटी गुंडाळी) पहिल्यांदा पाळीच्या शेवटच्या दिवशी, फ्लो म्हणजे रक्तस्राव कमी असताना ट्राय करा म्हणजे भीती वाटत नाही. मला हे अजिबात पटत नाही. तेव्हा आत कोरडं असतं, टॅम्पॉन सरकत नाही आणि काढताना तर चांगलंच चरचरतं. इंदूरला कॉलेजात असताना स्विमिंगसाठी मी नेमकं हेच केलं, हॉस्टेलच्या बाथरूममध्ये अर्धा तास घामाघूम, शेवटी रडकुंडीला येऊन सोडून दिलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दिवशी, फ्लो चांगला असताना, सगळ्यात कमी शोषणारा घेतला, एक पाय कमोडच्या झाकणावर ठेवला आणि सरळ वर न ढकलता मागे माकडहाडाच्या दिशेने तिरपा सरकवला, दोन मिनिटांत झालं.

बसल्यावर टोचत असेल तर तो पुरेसा आत गेलेला नाही, काढून नवीन घाला गं, सहन करत बसू नका. आणि 4 ते 8 तासांत बदलायचाच. टॉक्सिक शॉक सिंड्रोम (जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार) क्वचित होतो पण होतो, एकदम ताप, उलट्या, अंगावर पुरळ, चक्कर असं काही वाटलं तर लगेच काढा, डॉक्टरांकडे जा आणि टॅम्पॉन वापरत होते हे न लाजता सांगा.